नाक दाबलं तरी येणारा वास

उदगीरच्या बाजारात आमचं अत्तराचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, अब्बांनी वाढवलं, आता मी बसतो. अत्तर, सुरमा, टोप्या, उदबत्ती, लोबान आणि मागच्या फळीवर मय्यतीचं सामान. कफनाचं कापड, कापूर, गुलाबपाणी आणि एक जुन्या पद्धतीचं गडद अत्तर. मोहल्ल्यात कुणी गेलं की त्या घरचं माणूस आधी आमच्याकडे येतं. या कापराचे आणि अत्तराचे पैसे आमच्या घरात कधी कुणी घेतले नाहीत. हे आधीच सांगतो, कारण माझा आजार त्या फळीवरून सुरू झाला असं आम्हाला सगळ्यांना फार दिवस वाटत होतं.

घरात आम्ही दखनी बोलतो. शाळा माझी मराठी, म्हणून लिहितोय मराठीत. घरात अम्मी, बायको शबाना आणि मुलगी इकरा. इकरा तेव्हा तिसरीत होती.

पहिल्यांदा आला तो दिवस

दुपारी दुकानात कॉलेजचा एक मुलगा हिना अत्तर बघत होता. मी त्याच्या मनगटावर अत्तराची काडी टेकवली आणि मला कापराचा वास आला. कापराखाली गुलाबपाणी, आणि सगळ्यात खाली काहीतरी करपल्याचा, इस्त्रीखाली कापड जळतं तसा. मला वाटलं, मागची बाटली सांडली. उठून बघितलं तर सगळी बुचं घट्ट. फळी कोरडी.

मुलगा गेल्यावर मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो. वास बरोबर आला. आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कुठलाही वास असू द्या, थोड्या वेळाने नाक दमतं आणि वास येईनासा होतो. म्हणून दोन अत्तरांच्या मध्ये आम्ही स्वतःची बाही हुंगतो आणि नाक ताजं करून घेतो. मी बाही हुंगली. बाहीला बाहीचा वास आलाच नाही, कापराचाच आला. आणि हा वास दमेना. पहिल्या क्षणी जेवढा होता तेवढाच अर्ध्या तासाने होता.

मग मी बोटांनी नाक दाबलं. वास तसाच.

अंगावर काटा आला, पण फक्त डाव्या हातावर. पोटातून काहीतरी हळूहळू वर चढत होतं आणि छातीपाशी येऊन थांबत होतं. समोरून टोपी मागायला एक गिऱ्हाईक आलं, आणि तो काय बोलणार, कुठल्या खिशात हात घालणार, हे सगळं मला आधीच ठाऊक असल्यासारखं वाटलं. हे सगळं होऊन गेलेलं आहे आणि मी ते परत बघून राहिलोय, असं. तरी मी टोपी दाखवली, भाव केला, सुट्टे दिले. गिऱ्हाइकाला काही कळलं नाही. मी शुद्धीवर होतो, अगदी पूर्ण शुद्धीवर, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

संध्याकाळपर्यंत वास होता. मग मशिदीच्या भोंग्याची खरखर ऐकू आली. मागच्या गल्लीतले म्हातारे हाजीसाहेब वारल्याचं ऐलान झालं. थोड्या वेळाने त्यांचा मुलगा सामान न्यायला आला.

खबर

पुढच्या वेळी वास आला तेव्हा मी घरी होतो. अम्मीला विचारलं, "कापराचा वास येतोय का गं?"

"न्हाई. कुठून येईल?"

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातली एक बाळंतीण गेली. अम्मीने माझ्याकडे बघितलं आणि जपाची तस्बीह हातात घेतली. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिनेच विचारलं, "आजपण येतोय?" मी 'हाव' म्हणून मान हलवली. दोन दिवसांनी शिंपी चाचा गेले.

अत्तरवाल्याच्या घरात सुगंध म्हणजे काय असतो हे बाहेरच्याला कळणार नाही. आमच्यात लहानपणापासून ऐकलेलं असतं की जिथे फूल नाही, अत्तर नाही आणि खुशबू येते, तिथे कुणीतरी आलेलं असतं. आपल्या नाकात काही बिघाड होऊ शकतो हे आमच्या डोक्यात येतच नाही. नाकावर तर अख्खं घर चालतं. दुसऱ्या कुठल्या धंद्यातला माणूस असता तर महिन्याभरात कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेला असता. मी काय केलं? वास आला की मी मय्यतीचं सामान काढून, बांधून, गल्ल्याखाली तयार ठेवू लागलो.

ही गोष्ट घरात राहिली नाही, राहणार कशी? शिंपी चाचांच्या घरचे आले आणि बांधलेलं गाठोडं मी लगेच हातात दिलं, तेव्हाच सगळ्यांना कळलं. लोक दुकानासमोरून जाताना माझ्या तोंडाकडे बघू लागले. काही म्हातारी माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. ईदच्या आधीसुद्धा गर्दी कमी झाली.

एकदा भर दुपारी एक बाई आली. बुरख्याची जाळी तोंडावरून वर केली आणि गल्ल्यावर वाकून हळू आवाजात म्हणाली, "भाईजान, आमचे हे दवाखान्यात हायेत. आमच्या घराकडं तोंड करून एकदा हुंगून बघता का?"

तिला हाकलायला हवं होतं. पण ती हात जोडून उभी होती, म्हणून मी तिच्या गल्लीकडे तोंड केलं आणि श्वास घेतला. तळणाऱ्या भज्यांचा वास आला. "काही न्हाई," म्हटलं. ती रडत दुआ देत गेली. तिचा नवरा बरा होऊन घरी आला, आणि मग तर विचारूच नका.

सांगून टाकतो, त्या काळात मला जेवण जात नव्हतं. वास आधी काही तास यायचा तो आता सकाळपासून दिवे लागेपर्यंत राहायचा. तो असला की मी भोंग्याची खरखर होण्याची वाट बघत बसायचो. खरखर झाली तर वाईट, आणि नाही झाली तर त्याहून वाईट, कारण मग वाट बघणं संपायचं नाही.

इकराला ताप आला

पावसाळ्याच्या शेवटी वास आला आणि गेलाच नाही. झोपून उठलो तरी होता. दुसऱ्या दिवशीही तसाच. आणि त्याच सकाळी इकराला ताप चढला.

मी कुणालाच सांगितलं नाही. दुकान उघडलं नाही, तिच्या उशाशी बसून राहिलो. तापाने तिचे ओठ सुकले होते. तिचा श्वास जरा लांबला की मी तिच्या नाकासमोर बोट धरायचो. डोळ्यांसमोर सारखं एकच यायचं, की हे मी आधी बघितलेलं आहे. ही चादर, हा पंखा, हा वाटीतला चमचा, सगळं बघितलेलं, आणि पुढचंही मला ठाऊक आहे, फक्त आठवत नाही. तुम्हाला सांगतो, याहून भयंकर काही मी आयुष्यात भोगलं नाही.

शबाना पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली.

"पोरीला हुंगून काय बघून राहिलात?"

मी इकराच्या केसांपाशी नाक नेलं होतं. वास तिच्याकडून येतोय का ते बघत होतो. मी चटकन मागे सरलो, आणि त्यातूनच तिला कळलं.

"कधीपासून?"

"काल सकाळपासून."

तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाली, "उठा. माझ्या पोरीजवळून उठा. मौलानांकडं जा, डॉक्टरकडं जा, कुठं जायचं तिथं जा, पण हे नाक घेऊन इथं बसायचं न्हाई."

आमचे मौलाना तसे कमी बोलणारे. मी सगळं सांगितलं तेव्हा ते चक्क रागावले. "रफीक, मौत कधी येणार हे अल्लाशिवाय कुणाला माहीत नसतं. तुला कळतंय म्हणतोस, तू कोण लागून गेलास? हे बोलणंसुद्धा बरं नव्हं. आजार हाय हा. इलाज करणं सुन्नत हाय, पैगंबरांची रीत हाय. जा, इलाज कर." मी त्यांच्याकडून ताईत मिळेल म्हणून गेलो होतो.

मशिदीतून निघून चौकापर्यंत आलो एवढं आठवतं. पुढचं लोकांनी सांगितलं.

चप्पल

मी चौकात पडलो आणि हातपाय झाडू लागलो. समोर बालाजीची आडत आहे. तूर-सोयाबीनचा व्यापार करतो, शाळेपासूनचा दोस्त. तो धावत आला तोवर कुणीतरी माझ्या नाकाला कातडी चप्पल लावली होती. दुसऱ्याने कांदा फोडून आणला होता. फिट आलेल्याला हे हुंगवायचं नसतं, त्याने काही होत नाही. तोंडात काही घालायचं नसतं, दाबून धरायचं नसतं, कुशीवर वळवून आजूबाजूचं सामान बाजूला करायचं, बस. हे मला नंतर कळलं. बालाजी मात्र अजून चिडवतो, "अत्तरवाल्याच्या नाकाला चप्पल लावली तरी गडी उठला न्हाई, तवाच वळखलं, मामला लई खराब हाय."

त्यानेच गाडी काढली आणि लातूरला नेलं. शबाना इकराला अम्मीपाशी सोडून आली. रस्ताभर मी अर्धवट गुंगीत होतो, आणि गुंगीतही तो वास होता.

लातूर

मेंदूच्या डॉक्टर एक मॅडम होत्या. मी फिट आल्याचं सांगितलं, वासाचं लपवलं. वेड्यात काढतील म्हणून. शबानाने मागून सांगितलं, "खरं सांगा. न्हाई तर मी सांगते."

मी सांगितलं. मरणाच्या खबरींसकट. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "नाक दाबल्यावर वास येतो का?"

"येतो."

"वेळ गेला की कमी होतो?"

"न्हाई, दमतच न्हाई तो."

"मग तो नाकातून येतच नाही," त्या म्हणाल्या. "तो आतून येतोय." आणि स्वतःच्या कानाच्या वर, कानशिलाला बोट लावलं. "आता येतोय?"

"येतोय."

मग त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं. फिट म्हणजे फक्त पडणं नव्हे. पडायच्या आधी पहिली पायरी असते, तिला ऑरा म्हणतात. कुणाला वास येतो, कुणाला पोटातून कळ चढते, कुणाला भीती वाटते, कुणाला सगळं आधी घडल्यासारखं वाटतं. बहुतेकांची ती पायरी क्षणभराची असते. माझी फिट त्या पायरीवरच तासन् तास, दिवस दिवस उभी राहते. माणूस बोलतो, चालतो, धंदा करतो, आणि आत मेंदूच्या एका कोपऱ्यात फिट चालूच असते. म्हणून कुणाला ती फिट वाटत नाही. कुणी बाधा म्हणतं, कुणी वेड म्हणतं.

"मग ते मरणाचं?" मी विचारलं.

मॅडमच्या आधी शबाना बोलली. "तुम्हाला वास नव्हता तवा मोहल्ल्यात कुणी मेलंच न्हाई का? कासारांच्या आजी गेल्या, वेशीपाशी रिक्षावाला गेला. तवा कुठं होतं तुमचं नाक? एवढा मोठा मोहल्ला, आठ-दहा दिवसांत कुणी ना कुणी जातंच. तुम्ही वास येईल तेवढेच मोजले."

खरंच, ते मी मोजले नव्हते.

डोक्याला चिकट मलम लावून तारा जोडल्या आणि मशीन लावलं. मॅडमनी आधीच बजावलं होतं की ऑराची लहर फार खोल असली तर वरच्या तारांना सापडत नाही, रिपोर्ट चांगला आला तरी आजार नाही असं समजू नका. माझ्या नशिबाने ती सापडली. नंतर मोठ्या मशीनमध्ये मेंदूचा फोटो काढला, त्यात कानशिलाच्या आत एक लहानसा जुना व्रण दिसला. लहानपणी तापात मला झटके आले होते, ते अम्मीला आठवत होतं. हाच वास का येतो, ते मात्र छातीठोकपणे सांगता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या.

मग नसेतून इंजेक्शन दिलं. ते मी विसरणार नाही. अत्तर अंगावरून उतरताना आधी कापूर उडतो आणि मागे गडद वास राहतो, ही आमची रोजची ओळख. इथे उलटं झालं. आधी सगळ्यात खालचा करपट वास गेला. मग गुलाबपाणी. शेवटी एकटा कापूर राहिला, आणि मग तोही नव्हता. खोलीत फिनाईलचा वास होता. नव्या चादरीचा होता. बालाजीच्या घामाचा होता. मी रडायलाच लागलो.

"काय रं, दुखून राहिलं का?" बालाजी घाबरून म्हणाला.

"न्हाई. तुझ्या बगलेचा वास येतोय."

"मग रडशील न्हाई तर काय!" तो म्हणाला, आणि नर्ससुद्धा हसली.

गोळ्या

ज्यांना हा आजार आहे त्यांच्यासाठी खरं खरं लिहितो. इंजेक्शनने सगळं संपलं नाही. गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू वाढवल्या. एकीने चालेना म्हणून दुसरी जोडली. सुरुवातीला मी दुकानात बसल्या बसल्या झोपायचो. मग चिडायला लागलो, इतका की अम्मीने चहात साखर कमी टाकली म्हणून कप आपटला. तसं मॅडमना सांगितल्यावर त्यांनी गोळी बदलली. सांगितलं नसतं तर मी ती आपल्या मनाने बंद केली असती, आणि या गोळ्या एकदम बंद केल्या की मोठी फिट येते. ऑरा लांबला तर नाकात मारायचा एक फवारा दिला आहे. तो आता शबानाच्या पर्समध्येही असतो. गाडी चालवणं बंद. जागरण बंद. त्या वर्षी रोजे धरले नाहीत, आणि पहाटे सहेरीच्या जेवणाला घरात सगळे उठलेले असताना मी आत पडून राहिलो, ते फार लागलं. मौलानांनी दिलासा दिला, आजाऱ्याला सूट असते म्हणून, तरी लागलंच.

तपासणीला जायचो तेव्हा लातूरच्या बाकावर किनवटकडची एक मुलगी भेटली. तिला वास यायचा नाही. तिला वाटायचं, डाव्या खांद्यामागे कुणीतरी उभं आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. वळून बघितलं की नाही, समोर बघितलं की आहे. शाळेच्या वसतिगृहात मुली तिच्या शेजारी झोपेनात. तिच्या गळ्यात पाच-सहा गंडे होते. "अजून उभं हाय का?" मी विचारलं. ती म्हणाली, "आता लांब गेलंय. दारापाशी असतंय." तिच्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

गोळ्या लागू पडेपर्यंत मधूनमधून वास यायचा, बारीक. एकदा तो आलेला असताना भोंगा खरखरला. मी गल्ल्याची कड घट्ट धरून बसलो आणि स्वतःला सांगत राहिलो, रफीक, कानशिलात आहे हे, कानशिलात आहे. ऐलान पाणी येणार नसल्याचं होतं. माझा शर्ट घामाने भिजला होता. मला आजार समजला होता, पण भीती समजून घ्यायला तयार नव्हती. आजही कधी कधी दुकानाची मागची फळी बघवत नाही.

इकराचा ताप मलेरियाचा निघाला. मी लातूरला असतानाच ती औषधाने बरी झाली होती.

अम्मी

पुढच्या वर्षी हिवाळ्यात एका सकाळी मी आणि अम्मी ओट्यावर उन्हाला बसलो होतो. ती दुकानातल्या रिकाम्या बाटल्या पुसत होती. मी म्हटलं, "अम्मी, यंदाचा पावसाळा संपल्यापासून एकदाही वास आला न्हाई."

"एकदाही न्हाई?"

"न्हाई."

तिने पुसायला दुसरी बाटली घेतली. मग म्हणाली, "आता सांगते तुला. शबानाला सांगू नकोस, रडंल उगाच. पोरीला ताप आला होता आणि तुला वास येत होता, ते मला कळलं होतं. तुझं तोंड बघूनच कळायचं. तुम्ही लातूरला गेलात. पोरगी झोपली. मग मी अंघोळ केली, धुतलेले कपडे घातले, दोन रकात नमाज पढले आणि तिच्या खाटेला पाठ लावून दाराकडं तोंड करून बसले. म्हटलं, कुणीतरी न्यायला येणारच असंल तर ही म्हातारी तयार हाय. पोरीला हात लावू नका, मला न्या."

मी तिच्याजवळ सरकून बसलो.

"अम्मी, किती वेळ बसलीस?"

"लई वेळ. दिवस मावळला तरी बसले. कुणीच आलं न्हाई." तिने बाटली उन्हात धरून बघितली. "मग पोरगी उठली, म्हणाली दादीअम्मी भूक लागली. मलापण लागली होती. खिचडी टाकली, दोघी जेवलो."